व्हॅल्युअरला दिलेले ३८ हजार : जमीन विकून कर्ज फेडताना आलेला अनुभव

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते सरकारमान्य व्हॅल्युअर आहेत, म्हणजे जमीन-मालमत्तेची किंमत काढून देणारे. रत्नागिरीत त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. नाव लिहिणार नाही. एक तर यातलं अर्धं त्यांना आवडायचं नाही, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरचा सगळा पसारा यात आहे. जिल्हा लहान, एक नाव आलं की बाकीचं लोक आपोआप जुळवतात. फी एकूण ३८ हजार पडली. त्यातले ३० हजार वसूल झाले, ८ हजार पाण्यात गेले.

आमचं गाव रत्नागिरीपासून ३० किलोमीटरवर. सासरी एकेकाळी खोती होती. १९४९ च्या कायद्याने ती गेली, कुळांच्या जमिनी कुळांकडे गेल्या, आणि वाटण्या होत होत आमच्या घराकडे राहिली साडेअकरा एकर, सहा तुकड्यांत. सातवा तुकडा नदीकडे आहे, पण त्याच्या सातबाऱ्यावर एकोणचाळीस नावं, त्यातली निम्मी माणसं आता फक्त सातबाऱ्यावरच जिवंत आहेत. तो हिशेबातच धरला नाही. बाकीच्या सहांत घराभोवतीची वीस गुंठे आगर, रस्त्याकडची दोन एकर जुनी हापूसची बाग, वरची दोन एकर कलमांची बाग (सरकारच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून १९९४ साली लावलेली), एक एकर काजू, सव्वा एकर भातखाचरं आणि सड्यावरचा, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरचा, पावणेपाच एकर कातळ.

ह्यांनी २०१६ साली आंब्याच्या कॅनिंगसाठी एका सहकारी बँकेतून २५ लाखांचं कर्ज काढलं. पहिली तीन वर्षं बरी गेली. २०२० चा हंगाम लॉकडाऊनमध्ये सापडला, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा खाली आणला, आणि २०२२ च्या दिवाळीआधी हे गेले. बँकेने यंत्रं उचलून विकली. ती रक्कम वजा होऊन व्याजासकट ४१ लाख ६० हजार बाकी निघाली. शेतीकर्जाच्या सोसायटीचे ३ लाख १० हजार, खत-औषधांच्या दुकानाचे २ लाख ७५ हजार, आणि वाशीच्या दलालाकडची ४ लाखांची उचल. बेरीज ५१ लाख ४५ हजार. ही बेरीज मी पहिल्यांदा केली ती मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, आणि पुन्हा करून पाहिली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकेने एकरकमी परतफेडीला होकार दिला. ३३ लाख भरा, मे अखेरपर्यंत. एक दिवस उशीर झाला तर सवलत रद्द आणि पुन्हा मूळ आकडा.

मग घरात बैठक बसली. सासूबाई, मी, डोंबिवलीहून आलेला मुलगा, पुण्याहून फोनवर मुलगी, आणि सल्ला द्यायला चुलत दीर, म्हणजे भावोजी. सगळ्यांचं एकमत झालं की कातळ विकायचा. कातळाचा कोणालाच लळा नाही. पावसाळ्यात चार महिने गुरं चरतात, एरवी ऊन. शिवाय भावोजींच्या ओळखीचा एक एजंट सांगत होता की प्रकल्प येणार आहे, सड्याला सोन्याचा भाव येणार आहे. आमच्या बाजूला प्रकल्प गेली वीस वर्षं येतोच आहे. त्याच एजंटाने खळ्यात उभं राहून, चहा संपायच्या आत, सगळ्या जमिनीचे "ऐंशी लाख कुठे नाही गेले" असं मूल्यांकन करून टाकलं. ते फुकट होतं.

व्हॅल्युअर मी आणले ते माझ्या भावाच्या सांगण्यावरून, आणि भावोजींचा विरोध पत्करून. "किंमत गिऱ्हाईक ठरवतं, त्याला कशाला तीस हजार?" असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मलाही ते पटत होतं, खोटं कशाला बोलू.

ते डिसेंबरात आले, मोहोर नुकता फुटत होता. साठीच्या पुढचे गृहस्थ, पायात कॅनव्हासचे बूट, बरोबर एक मुलगा टेप आणि गेरूचा डबा घेऊन. घरात बसले नाहीत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, चहा बाग बघून झाल्यावर." रस्त्याकडच्या बागेत त्यांनी एकेक झाड हाताळलं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, बुंध्याशी वाकून बघायचं, मुलगा गेरूने आकडा टाकायचा. आमच्या तोंडी कायम "सत्तर कलमं" असतं. झाडं सत्तरच निघाली, पण सात झाडांच्या बुंध्याला भुसा होता. भिरूड, खोड पोखरणारी कीड. साहेबांनी खिशातून तार काढून एका भोकात घातली, ती वीतभर आत गेली. "हे झाड उभं आहे, पण रिपोर्टात नाही," म्हणाले. आमचा गुरखा दोन वर्षं त्या झाडांखाली झोपतोय, त्याला भुसा दिसला नव्हता. मलाही नाही.

मग पट्ट्या मागितल्या. वाशीहून दलाल पाठवतो त्या विक्रीच्या पट्ट्या, पाच वर्षांच्या. ह्यांची एक सवय चांगली होती, पट्ट्या तारेला टोचून ठेवायचे. त्या तारेवरून त्यांनी पाच हंगामांचं उत्पन्न काढलं, त्यातून फवारणी, राखण, पेट्या, गवत, गाडीभाडं वजा केलं, आणि झाडामागे वर्षाला निव्वळ १,८०० रुपये धरले. यात २०२१ चं वादळही आलं. मी म्हटलं, ते वर्ष कशाला धरता, ते काही नेहमीचं नाही. त्यावर त्यांचं उत्तर असं, की पाच वर्षांत एक वाईट वर्ष येतंच, फक्त त्याचं नाव दर वेळी वेगळं असतं. ६३ झाडं, वर्षाचे १ लाख १३ हजार ४००, अजून वीस वर्षं फळ धरतील असं मानून आणि दहा टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून झाडांचे झाले साधारण ९ लाख ६५ हजार.

माझ्या डोक्यात लगेच बेरीज सुरू झाली. जमिनीचे इतके, झाडांचे इतके. इथे त्यांनी मला थांबवलं, आणि ही गोष्ट एजंटाने मला जन्मात सांगितली नसती. म्हणाले, आंबेवाला गिऱ्हाईक आला तर तो झाडांचे पैसे देईल आणि जमीन त्याला झाडांपुरतीच हवी असेल. फार्महाऊसवाला आला तर तो रस्त्याचे पैसे देईल, झाडं त्याला सावलीला. दोघांचे पैसे एकाच गिऱ्हाइकाकडून मागायला जाल तर गिऱ्हाईकच मिळणार नाही. म्हणून दोन्ही हिशेब वेगळे मांडायचे आणि जो जास्त येतो तो धरायचा. आमच्या बागेला डांबरी रस्त्याची जवळजवळ दोनशे फूट लांबी आहे, म्हणून जमिनीचा हिशेब वरचढ ठरला. गुंठ्याला ४२,५०० प्रमाणे ८० गुंठ्यांचे ३४ लाख.

हे ४२,५०० आले कुठून, हेही त्यांनी दाखवलं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर जाऊन आसपासच्या गावांतल्या दोन वर्षांच्या खरेदीखतांच्या 'सूची दोन', म्हणजे नोंदलेल्या खतांचे गोषवारे, काढल्या होत्या. चार व्यवहार निघाले. एक भावाभावांतला, किंमत नावापुरती, तो बाद. एक समुद्र दिसणाऱ्या टेकडीचा, मुंबईकराने हौसेने घेतलेला, तोही बाद. उरले दोन, त्यांत रस्ता, उतार, पाणी यांचा फरक घालून हा दर. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, मी आधीच पाहिला होता, पण त्यात शेतीचा दर आकारणीच्या टप्प्यांनुसार असतो. आमची रस्त्याकडची बाग आणि आत अर्धा किलोमीटरवरची बाग दोन्ही एकाच रकान्यात पडत होत्या. रेकनर स्टॅम्पड्युटीसाठी ठीक आहे. त्यावरून कोणता तुकडा विकावा ते कळत नाही.

एक प्रश्न मी मुद्दाम विचारला. २०१६ साली कर्ज देताना बँकेच्या व्हॅल्युअरने याच दोन बागांची किंमत ६२ लाख लावली होती. तुम्ही आठ वर्षांनी दोन्ही मिळून ६० लाख कसे लावता? साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हा कर्ज द्यायचं होतं."

आता तक्रारी. पंधरा दिवसांत रिपोर्ट देतो म्हणाले, दिला पाच आठवड्यांनी. आमच्याकडे एकूण सहा महिने होते, त्यातला एक असाच गेला. फोन केला की मुलगा सांगायचा, टायपिंगला आहे. आला तेव्हा ४२ पानं, त्यातली अठरा फोटोंची, आणि सगळा इंग्रजीत. माझी शिकवणी घेतल्यासारखा मुलाने वाचून दाखवला. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, चार वारसांतल्या एक. ज्यांची सही लागणार त्यांनाच आपल्या जमिनीबद्दल काय लिहिलंय ते वाचता येत नाही. बँकेला इंग्रजी लागतं हे समजू शकते, पण शेवटी एक पान मराठीत जोडायला काय लागतं?

दुसरी चूक विहिरीची. वरच्या बागेतली विहीर त्यांनी पूर्ण आमची धरली. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत स्वच्छ लिहिलंय की निम्मा हिस्सा भावोजींच्या घराचा. पंधरा रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा मी स्वतः काढून दिला होता त्यांना. भावोजींनी ते पान बघितलं आणि आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं आम्हीच तसं सांगितलं. दुरुस्त प्रत फुकट करून दिली, पण ते आठ दिवस कोणी भरून द्यायचे?

आणि ते ८ हजार. त्यांनी सुचवलं की १ एप्रिल २००१ रोजीची किंमतही काढून ठेवू, कॅपिटल गेन्स टॅक्सला, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या कराला, लागते. टॅक्स म्हटलं की आपण घाबरतो. मी हो म्हटलं. रिपोर्ट घेऊन सीएकडे गेले तर ते म्हणाले, हे पान कशाला केलंत? गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून इतकं लांब असलं की शेतजमीन मुळात कॅपिटल ॲसेटच धरत नाहीत. किती अंतर धरायचं ते जवळचं शहर किती मोठं त्यावर ठरतं. शहराची लोकसंख्या दहा हजार ते लाखाच्या मधे असेल तर २ किलोमीटर, दहा लाखांपर्यंत ६, त्यापुढे ८. आम्ही ३० किलोमीटरवर. टॅक्सच नाही, तर २००१ ची किंमत घेऊन करायचं काय? साहेबांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. विचारलं तर म्हणाले, "असलेलं बरं." शहराला खेटून ज्यांची जमीन आहे त्यांना ते पान लागेल. बाकीच्यांनी आधी सीएला विचारा, मग पैसे द्या.

हे सगळं होऊनही ३० हजार वसूल म्हणते, ते एका रकान्यामुळे. रिपोर्टाच्या शेवटी तक्ता होता. प्रत्येक तुकड्यापुढे तीन किमती: बाजारमूल्य, प्रत्यक्षात हातात पडेल ती, आणि घाईत विकलं तर मिळेल ती. रस्त्याच्या बागेला ३४, ३० लाख ६० हजार, २७ लाख २० हजार. हे बहुतेक रिपोर्टांत असतं म्हणतात. पण आमच्या प्रतीवर त्यांनी शेजारी पेनाने, मराठीत, आणखी एक रकाना आखून दिला होता. वर लिहिलं होतं, "महिने". रस्त्याची बाग ३. काजू २. वरची बाग ६. भात ८. कातळापुढे १८ आणि अधिकचं चिन्ह. आगरीपुढे आकडाच नाही, "विकू नये" एवढंच.

कातळाची किंमत त्यांनी साडेनऊ लाख लावली होती, गुंठ्याला ५ हजार. निम्मा पोटखराबा (लागवडीला न येणारा), जायला फक्त बैलगाडीची वाट, पाणी नाही. पण मुद्दा साडेनऊ लाखांचा नव्हताच. मे अखेरीस बँकेत पैसे हवेत आणि कातळाला गिऱ्हाईक लागायला दीड वर्ष. म्हणजे नकोशी म्हणून जी जमीन आम्ही विकायला काढली होती ती वेळेत विकलीच जाणार नव्हती. एकरकमी परतफेडीची संधी बुडाली असती, ८ लाख ६० हजारांची सूट गेली असती, व्याज पुन्हा चढायला लागलं असतं. बँकेचा वसुली अधिकारी आम्हाला सरफेसीची, म्हणजे कोर्टात न जाता तारण जप्त करायच्या कायद्याची, भीती घालायचा. वकिलांनी सांगितलं की २००२ चा तो कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, कलम ३१ मध्ये तसं आहे. पण सहकारी बँकेला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून लिलाव करता येतो, त्यात तुमची सुटका नाही. लिलावात घाईतली किंमतही मिळेलच असं नाही.

त्या रात्री पडवीत पुन्हा बैठक झाली. रस्त्याची बाग माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेली, एसटीतून येताना पहिली दिसते ती तीच. सासूबाईंना आम्ही तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ सुपारी कातरत बसल्या आणि मग एवढंच विचारलं, "ह्या वर्षीचा आंबा कोणाचा?"

प्रश्न बरोबर होता. मी दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की उभं पीक कोणाचं हे दस्तात लिहा, नाहीतर एप्रिलमध्ये भांडण ठरलेलं. त्याप्रमाणे खरेदीखतात ओळ घातली: ३१ मेपर्यंतचं फळ लिहून देणाराचं, म्हणजे आमचं. हा सल्ला फीमध्ये नव्हता, फोनवर मिळाला.

पुढचं थोडक्यात. पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं, भाव चांगला देत होतं, पण त्यांच्या नावावर देशात कुठे गुंठाभर शेती नाही. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. एजंट म्हणाला, "होतं सगळं, वाट काढू." आम्ही ती वाट धरली नाही. दुसरे कोल्हापूरकडचे, स्वतःचा सातबारा घेऊन आले. त्यांना आधी निम्मीच बाग हवी होती, रस्त्याकडची चाळीस गुंठे. कायद्याने अडचण नव्हती. २०२३ च्या अधिसूचनेपासून आमच्याकडे जिरायतला २० आणि बागायतला १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. अडचण दुसरी होती. पुढचा भाग विकला की मागची चाळीस गुंठे आत कोंडली जातात. व्हॅल्युअरनी रिपोर्टातच लिहून ठेवलं होतं की तुकडा पाडला तर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने बारा फुटांची वाट दस्तात ठेवा, नाहीतर मागच्या भागाची किंमत निम्म्यावर येते. मी ते पान समोर ठेवलं. गिऱ्हाइकाला बारा फूट सोडायचे नव्हते. शेवटी त्यांनी पूर्ण बागच घेतली.

तातडीच्या मोजणीचा अर्ज आम्ही जानेवारीतच टाकला होता, तो व्हॅल्युअरच्या सांगण्यावरून, रिपोर्ट हातात यायच्या आधी. रोव्हर मशीन घेऊन मोजणीवाले आले. क प्रतीवर, म्हणजे मोजणीच्या नकाशावर, कब्जा निघाला ७८ गुंठ्यांचा. दोन गुंठे उत्तरेच्या शेजाऱ्याच्या गडग्यात गेलेले, कधी ते देव जाणे. त्यांच्यासाठी भांडायला वेळ नव्हता. भाव ठरला गुंठ्याला ४३ हजार, ७८ गुंठ्यांचे ३३ लाख ५४ हजार. व्हॅल्युअरच्या आकड्याला इतकं लागून बसेल असं मला वाटलं नव्हतं. काजूची बाग शेजाऱ्याने घेतली, ७ लाखांना. रिपोर्टात ६ लाख ८० हजार होते. साहेबांनी दोन महिने का लिहिले ते मी नंतर विचारलं. त्या दिवशी त्यांनी बघितलं होतं म्हणे की शेजाऱ्याने आपल्या काजूचं कुंपण तिन्ही बाजूंनी पक्कं केलंय, आणि आमच्या बाजूला मात्र नुसती काटेरी शिरी टाकलीय. "त्याला ती बाजू बांधायचीच नव्हती."

रजिस्टर ऑफिसात सासूबाईंचा अंगठा मशीन घेईना. चौऱ्याऐंशी वर्षांचं काम केलेला अंगठा, त्याला रेषा कुठल्या उरणार? ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या, मग पदराने. सहाव्या वेळी उमटला. मागच्या रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही, उलट एका बाईंनी स्वतःची लिंबाची फोड दिली चोळायला. बागेवर बँकेचा बोजा होता, म्हणून ३३ लाख गिऱ्हाइकाच्या खात्यातून थेट कर्जखात्यात गेले, २१ मे रोजी. ना हरकत दाखला हातात पडायला आणखी तीन आठवडे आणि सातबाऱ्यावरून बोजा उतरायला पावसाळा उजाडला, पण तो व्हॅल्युअरचा दोष नाही.

सोसायटी आणि दुकान फिटलं. एजंटाला बागेवर दोन टक्के, म्हणजे ६७ हजार, व्हॅल्युअरला ३८, मोजणी, झेरॉक्स, गाडीभाडं असं जाऊन घरात पन्नास हजारांच्या आसपास उरले. वाशीचे ४ लाख आम्ही जमिनीतून दिले नाहीत. त्या हंगामात दोन्ही बागांचा आंबा त्यालाच घातला आणि जवळजवळ निम्मी उचल वळती झाली. उरलेली वरच्या बागेतून जाते आहे. साडेआठ एकर नावावर आहे. कातळाला अजून गिऱ्हाईक आलेलं नाही, एक जण येऊन उभ्या उभ्या बघून गेला.

गुण द्यायचे तर पाचात साडेतीन. अर्धा गुण उशिराचा गेला, अर्धा विहिरीचा, अर्धा त्या २००१ च्या पानाचा. इंग्रजीसाठीही कापणार होते, पण तो पेनाचा रकाना मराठीत होता, म्हणून सोडला.

गेल्या महिन्यात भावोजींनी हळूच नंबर मागितला. त्यांच्याही सोसायटीची नोटीस आलीय, घरात अजून सांगितलेलं नाही. नंबर दिला. सांगितलं, झाडं मोजताना बरोबर फिरा, पट्ट्या आधी शोधून ठेवा, २००१ चं पान घेऊ नका, आणि तारीख लिहून घ्या. विहिरीत निम्मा हिस्सा आमचा आहे, तेही आधीच सांगा म्हटलं.